विहीणबाई आणि तीनशे वीस वॉट

साऱ्या परभणी जिल्ह्यात वीज कुणाला भीत असेल तर ती आमच्या विहीणबाईंना. बाकीच्यांना ती झटका देते, यांच्यापुढं मात्र हात जोडून जबाब देते. नवरा गेल्यावर सोनपेठेतलं त्याचं जळालेल्या पंपाच्या मोटारी भरायचं दुकान बाईंनी एकटीनं तीस वर्षं चालवलं. तांब्याच्या तारेचे वेढे मोजून मोजून बोटांना अशी सवय लागली आहे, की जपमाळ हातात घेतली तरी त्या मणी मोजत नाहीत, वेढेच मोजतात. कमरेला चंची असते, पण तिच्यात पानसुपारी नसते, चिमट्याचा मीटर असतो. कुणाच्याही घरी गेल्या की पाण्याच्या तांब्याआधी विजेच्या बोर्डाकडं वळतात. आम्ही माझ्या पोरासाठी त्यांची लेक बघायला गेलो, तेव्हा त्यांनी मला पहिला प्रश्न केला, "घरात व्होल्ट किती येतंय?" मी ऐटीत म्हणालो, "शेती सोळा एकर हाय." त्या म्हणाल्या, "ते न्हाई इचारलं."

व्होल्टाला अँपिअरनं भागलं की रोध, गुणलं की वॉट, एवढा एकच मंत्र त्यांना येतो. पण तेवढ्यावर त्या कुणालाही उभा आडवा करतात. लग्नात अक्षता वाटून झाल्या, नवरानवरी उभी राहिली, आणि ही बाई मंडपवाल्याची वायर चाचपत होती. "बारा दिवे, पाचशे-पाचशे वॉटचे. झाले सहा हजार. दोनशे चाळीसानं भाग. पंचवीस अँपिअर! अन् तुजी वायर बघ, करगोट्यावानी. मी लेक उजवायलेय का पेटवायलेय?" वायर बदलेपर्यंत मंगलाष्टकं थांबली. भटजी मुहूर्त जातोय म्हणून ओरडले, तर बाई म्हणाल्या, "जाऊ द्या. दुसरा मिळंल. लेक एकच हाय."

माझी शाळा चौथीपर्यंत, तीही पुरी नाही. पण मला कुणी शिकवलेलं चालत नाही हे पार पाथरीपर्यंत माहीत आहे. विहिरीवर मोटार बसवताना आमची जुंपली, तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "इवाई, तुमचा रोध मोजाया बसले तर मीटरचा काटा मोडंल." मी ते कौतुक समजून घेतलं. आजही तसंच समजतो.

तर पौषातली गोष्ट. बचत गटाच्या बायकांनी आमच्या सूनबाईवर, म्हणजे बाईंच्याच लेकीवर, भरवसा टाकून एका दिवसाची दोनशे कोंबडीची पिल्लं तिच्या हवाली केली. ऊब सांभाळायचं काम मी मागून घेतलं. खोलीत पत्र्याचं गोल कडं केलं, मधे विजेची शेगडी ठेवली आणि ऊब कोंडायला तिच्यावर पालथी लोखंडी पाटी. पण सकाळी शेतीपंपांची थ्री फेज वीज आली की साऱ्या शिवारातल्या मोटारी एकदम सुरू होतात आणि घरातला दिवा आजाऱ्यासारखा मलूल होतो. त्या सकाळी पिल्लं शेगडीपाशी गोळा होऊन एकमेकांच्या अंगावर चढायला लागली. अशानं खालची गुदमरून मरतात. सूनबाई रडकुंडीला आली. "मामा, पिल्लं गारठायलेत हो! गटातल्या बायांना काय तोंड दाखवू?"

नशीब, विहीणबाई मुक्कामाला होत्या. मीटर निघाला. एकशे साठ व्होल्ट. मी म्हणालो, "एरवी दोनशे चाळीस असतंय. म्हंजे तीन भाकरीतली एक गेली, दोन राह्यल्या. दोन भाकरीवर मी दिवसभर नांगर धरलाय. पिल्लाला काय धाड भरली?"

"दोन न्हाई राह्यल्या, इवाई. दीड बी न्हाई राह्यली."

"कशी न्हाई? शेगडी तीच, कॉइल तीच!"

"म्हणूनच." बाईंनी काटकी उचलली आणि अंगणात तीन ओळींत तीन-तीन चौकोन काढले. "वाफे किती?"

"नऊ."

"आता लांबीतनं एक वळ पुसा. रुंदीतनं बी एक पुसा."

मी पायानं पुसली. मोजले. चार.

"पुरं व्होल्ट असलं की ही शेगडी तीन अँपिअर घेती. म्हंजे रोध ऐंशी ओहम. तो काय बदलत न्हाई. मग एकशे साठला अँपिअर किती? दोन. लांबी म्हंजे व्होल्ट, ते घटलं. रुंदी म्हंजे अँपिअर, ते बी घटलं. सातशे वीस वॉट व्हते, तीनशे वीस राह्यले." एवढं बोलून मग त्यांनी वायरीला चिमटा लावला. काटा बरोब्बर दोनावर.

उभ्या जन्मात वावर मोजायला मी कुणाकडं शिकलो नाही, आणि त्या दिवशी माझ्याच अंगणात हरलो. पण रुसायला सवड नव्हती. शेजारून तसलीच दुसरी शेगडी आणली आणि वेगळ्या बोर्डावर जोडली. बाई म्हणाल्या, "आता दोन्ही मिळून सहाशे चाळीस. पण व्होल्ट परत चढलं की ह्याचेच चौदाशे चाळीस व्हतेत. पिल्लं भाजून निघतील. मीटरपुढं कोन बसणार?"

"मी."

"तुमी?"

"का? मला आकडे वाचता येत न्हाईत?"

अर्ध्या तासात पिल्लं चिवचिवत साऱ्या कड्यात पांगली. सूनबाई पदरानं डोळे पुसत हसली. पुढं पंधरा दिवस मी मीटरपुढून हललो नाही. व्होल्ट चढलं की एक शेगडी बंद, पडलं की चालू. त्या बटणाला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. दोनशेच्या दोनशे पिल्लांना पिसं फुटली! गटातल्या बायकांनी दोनदा मोजून बघितली. विहीणबाई त्यांना म्हणाल्या, "आमच्या इवायांनी वाचवली." मी मान ताठ ठेवली.

आता बाईंच्या डोळ्यांत पडदा आलाय, एस.टी.नं एकट्या येत नाहीत. यंदाही पिल्लं आणली आहेत. मी फोनवर व्होल्ट आणि अँपिअर वाचून दाखवतो, बाई तिकडून गुणाकार करतात. परवा दोनशेला अडीचानं गुणायला त्यांना बराच वेळ लागला. उत्तर माझ्या ओठांवर होतं. मी फोन कानाला लावून तसाच बसलो.

"पाचशे," त्या म्हणाल्या. "लिव्हून घ्या, इवाई."

"घेतलं," मी म्हणालो.