गरम मशीन

जैनथच्या बसथांब्यामागे एका मेकॅनिकचं दुरुस्तीचं दुकान आहे. बांधावरच्या बाभळी छाटायला जुनी चेनसॉ घ्यायची म्हणून या उन्हाळ्यात मी त्याच्याकडे मशीन तपासून घ्यायला तीनदा गेलो, दर वेळी नवा विकणारा सोबत घेऊन.

मशीन सुरू करायच्या आधी तो तिच्यावर तळहात ठेवतो, आई पोराचं अंग पाहते तसा. ऊब लागली की ओढून सुरू करायच्या दोरीला हातच लावत नाही. "गरम मशीन कोनाचीबी चालते, भाऊ. पह्यले चहा घेऊ." मग विकणाऱ्याला बाकावर बसवून कपाशीच्या गोष्टी काढतो. मशीन थंड होत जाते तसा विकणाऱ्याला घाम फुटत जातो.

दोन मशिनी थंड झाल्यावर सुरूच झाल्या नाहीत. तिसरी एका ओढीत सुरू झाली. तेव्हा त्यानं खिळ्यावरची नवी साखळी काढून तिच्या पात्याच्या खाचेत बसवली आणि बोटानं हलवून पाहिली. "इकडं हेच साखळी भेटते, अन् तुमच्या पात्यात तर नाचून राह्यली." तीही बाद झाली.

चौथ्यांदा मी एकटाच गेलो आणि म्हटलं, "तुमचीच जुनी द्या मला."

तो लाजल्यासारखा हसला. आतून मशीन आणली. साखळी खाचेत घट्ट बसलेली होती. मी दोरीकडे हात नेला तर त्यानं मशीन मागे ओढली.

"आत्ता नोका पाहू. सकाळपासून लाकडं कापून राह्यलो हिच्यानं. बसा, चहा सांगतो."

मी बाकावर बसलो. मशीन थंड होत होती, आणि या वेळी घाम त्याला फुटला होता.