ढब्बूसाठी मारलेल्या टिपा

शिंपीमास्तरांचं मत एकदम पक्कं होतं: कॉलेजात शिकणाऱ्या पोरांनी कुत्रं पाळू नये. "स्वतःचा डबा धुवायचा कंटाळा, आणि चालली दुसऱ्या जिवाची उस्तवार करायला," असं त्यांनी लेकीला फोनवर सुनावलं. ती तेव्हा दुसऱ्या शहरात भाड्याच्या खोलीत राहून शिकत होती आणि ढब्बू नावाचं पिल्लू तिच्या मांडीवर घोरत होतं. तिची आई ती लहान असतानाच गेलेली. त्यामुळे मत मांडायला मास्तर एकटे, आणि ते उडवून लावायला लेकही एकटीच.

परीक्षेच्या दिवसांत तिने ढब्बूला दोन महिने मास्तरांकडे ठेवलं. त्याने दुकानात शिरून दोन गिऱ्हाइकं हुंगली आणि शिलाई मशीनखाली अंग टाकलं. पायडल हलू लागलं की याचे डोळे मिटायचे, थांबलं की उघडायचे. शेजारचा सलूनवाला म्हणायचा, "मास्तर, कपडे शिवताय की पाळणा हलवताय?" मास्तर हसायचे. लेक ढब्बूला बघायला दर रविवारी यायची, अभ्यास बाजूला टाकून.

परीक्षा संपली आणि ती त्याला घेऊन गेली. नंतर कितीतरी दिवस मास्तर मशीनखाली वाकून बघत, आणि कुणी पाहिलंच तर सुई शोधल्यासारखं करत.

मग लेकीचा फोन आला. "बाबा, मी कॉलेजला गेले की हा रडून इमारत डोक्यावर घेतो. घरमालकीण म्हणते, आता आवाज आला तर कुत्र्याला इथून हलव. जरा मशीन चालवून ऐकवा ना त्याला."

मास्तरांनी फोन मशीनच्या फळीवर ठेवला आणि टीप मारली. पलीकडून लेक कुजबुजली, "डोळे मिटले त्याने."

तेव्हापासून रोज दुपारी बारा ते चार, लेक खोलीत जुना फोन सुरू ठेवून जाऊ लागली. मास्तरांनी काजंबटणं आणि हातशिलाई सकाळवर ढकलली. एकदा शिवायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी मशीन रिकामीच फिरवली. तिथेच चुकले. कापडावर चालणाऱ्या मशीनचा आवाज भरदार असतो, रिकामीचा नुसता खडखडाट. ढब्बूने तो बरोबर ओळखला आणि गळा काढला. मग काम नसलं की मास्तर कात्रणाला कात्रण जोडत बसू लागले. सलूनवाल्याने ती लांबलचक पट्टी उचलून बघितली. "हा सदरा कुणाचा? बाह्या जरा जास्तच झाल्यात."

एका दुपारी मात्र मास्तरांच्या मनात आलं, थांबवावी मशीन. ढब्बू रडेल, मालकीण तणतणेल, आणि दोन दिवसांत तो इथे येईल. तो आला की रविवारी लेकही येईल. शिवाय, मी आधीच सांगितलं होतं, हेही म्हणता येईल.

त्यांनी पाय उचलला.

फोनमध्ये कान फडफडले. फरशीवर नखं वाजली. मग बारीक, लांब कण्हणं सुरू झालं. मास्तर ऐकत राहिले. ती खोली त्यांनी एकदा पाहिली होती: एक खाट, एक टेबल, भिंतीला एक खिळा. ढब्बू यायच्या आधी लेक कॉलेजातून आल्यावर त्या खोलीत कुणाशी बोलत असेल, हे त्यांनी तिला कधी विचारलंच नव्हतं.

कात्रण पटकन हाताला लागेना. त्यांनी खांद्यावरचा रुमाल सुईखाली सरकवला आणि पायडल दाबलं. कण्हणं हळूहळू विरलं.

चारच्या सुमारास पलीकडे कुलूप उघडलं. धडपड, शेपटीचे फटके, लेकीचं हसणं. "अरे हो, चप्पल तर काढू दे." मास्तरांनी मशीन थांबवून फोन कानाला लावला. ती ढब्बूला दिवसभराचं सांगत होती: कुठला तास बुडाला, कोण मैत्रीण अबोला धरून बसलीय, डब्यात काय उरलं. मास्तरांनी श्वाससुद्धा जपून घेतला. इतकं ती त्यांना कधी सांगत नसे.

"अगं बाई, बाबा, तुम्ही आहात होय अजून? कंटाळलात का? ठेवते हं."

"ठेव," मास्तर म्हणाले. मग घाईने पुढे म्हणाले, "उद्या यायला उशीर झाला तरी चालेल. कापड भरपूर आहे."