कॅमेरा बंद असतानाचा स्वयंपाक

"आधी बाहेर हो. कॅमेऱ्यात दिसायलीस."

काकू मला म्हणाल्या. गॅसवर दूध उतू चाललं होतं. स्वयंपाक करणाऱ्या दोघी बाया मागं भाजी धूत होत्या. आत कुणीच नव्हतं. मी उंबरा ओलांडला आणि गॅस बंद केला. एवढंच. दूध वाचलं. पण काकू दुधाकडं बघत नव्हत्या, वर कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याकडं बघत होत्या. मी बाहेर आले. त्या दुधाचा चहा त्या दिवशी कुणी केला नाही.

ही लातुरातली मेस. डॉक्टर व्हायचं म्हणून इथल्या क्लासला आलेल्या मुलांना इथून डबे जातात. त्यांचे आईबाप लांब, कुणी हदगावला, कुणी देगलूरला. त्यांना लेकराच्या जेवणाची काळजी. म्हणून काकांनी, म्हणजे मालकांनी, स्वयंपाकघरात कॅमेरा लावला. घरी बसून मोबाईलवर बघा, डबा कसा होतो ते. बाहेर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'किचन लाईव्ह'. डबा लावणारी मुलं वाढली.

मेसचं सगळं मी बघायची. भाजीवाल्याला फोन, सिलिंडर, डबे पोचवणाऱ्यांच्या गाड्या. कुणाला ताप आला तर त्याची खिचडी. कुणाचा डबा कुणाकडं गेला ते निस्तरायचं. पालकांचे फोनही मीच घ्यायची. सकाळी कॉलेज, बी.कॉम.चं शेवटचं वर्ष. बाकी दिवस मेस. बदल्यात वरच्या मजल्यावर एक खोली, दोन वेळचं जेवण आणि थोडा पगार.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वडील अर्धापूरकडं केळीच्या तोडीला जातात, आईही जाते. सरकारी वसतिगृहात माझा नंबर लागला नव्हता. खोली गेली की कॉलेज गेलं. हे मला माहीत होतं. काकांनाही माहीत होतं.

पहिल्या दिवशी काकूंनी विचारलं होतं, "गावात घर कुठं तुमचं?"

"विहाराजवळ," मी म्हणाले.

त्या म्हणाल्या, "असू दे. आमच्यात तसलं काही न्हाई बाई. फक्त किचनमधी जाऊ नको. पालकांचं बघावं लागतं."

खरं सांगते, त्या दिवशी मला आनंदच झाला होता. काम मिळालं होतं.

नवीन पालक फोनवर दर विचारायचे, वेळ विचारायचे. मग आवाज जरा खाली आणायचे. "स्वयंपाकाला कोण असतं?"

उत्तर काकांनी पाठ करून घेतलं होतं. "आपल्याच बायका असतात. घरच्यासारखं होतं सगळं." मी गोड आवाजात म्हणायची. त्या 'आपल्या'त मी नाही, हे मला कळायचं. कळूनही म्हणायची. मी माझ्याच तोंडानं मला बाहेर काढायची.

एकदा पहाटे दोघी बाया उदगीरला निघून गेल्या. त्यांच्या घरात मयत झाली होती. मुलांची त्या दिवशी मोठी टेस्ट. काकूंना एकटीला एवढं उरकणार नव्हतं. काकांनी माझ्याकडं बघितलं.

"येतं का गं तुला?"

"येतं."

काकांनी कॅमेऱ्याची पिन काढली. मग म्हणाले, "पालकांच्या ग्रुपवर टाक. तांत्रिक अडचणीमुळे आज कॅमेरा बंद राहील."

मी टाकलं. माझ्याच बोटांनी. मग ओढणी खोचली आणि आत गेले.

आईनं दिलेलं येसर माझ्या पिशवीत होतं. आमच्याकडं लग्नात त्या मसाल्याची आमटी करतात. मी ती केली. दुपारी देगलूरच्या एका वडिलांचा फोन आला. "आमची पोरगी लातूरला आल्यापास्नं पहिल्यांदा पोटभर जेवली. कुणाच्या हातची आमटी?" काकूंनी माझ्या हातातला फोन घेतला. "माझ्याच की हो भाऊ. येसर घरीच करते मी."

बाया परत आल्या. कॅमेरा सुरू झाला. मला वाटलं, संपलं. पण काकू म्हणाल्या, "आमटी तूच करत जा. पहाटं. कॅमेरा उजाडल्यावर लावू."

म्हणजे विटाळ फक्त उजेडात व्हायचा.

रोज अंधारात उठून आमटी करायची. उजाडायच्या आत बाहेर. कॉलेजात पहिल्या तासाला डोळे मिटायचे. बायांपैकी एक मला बघून म्हणायची, "आलं का गं पहाटंचं भूत?" दोघी हसायच्या. मीही हसायची. दिवसभर फोनवर तेच उत्तर. आपल्याच बायका असतात.

फोनवर आईजवळ रडले. आई म्हणाली, "दिवस काढ माय. डिग्री हातात येऊ दे."

मग आई भेटायला आली. एसटीनं, केळी घेऊन. काकूंनी तिला जेवायला बसवलं, बाहेर, जिन्याखाली. आईनं आमटीत भाकरी कुस्करली. एक घास घेतला आणि थांबली. माझ्याकडं बघितलं.

"लई चांगली झाली," ती काकूंना म्हणाली. "कुणी केली वो?"

"मीच की," काकू म्हणाल्या. "घ्या अजून."

मी तिथंच उभी होते, पाण्याचा तांब्या घेऊन. आईच्या पेल्यात पाणी ओतलं.

आईनं ताट संपवलं. जिन्याजवळच्या नळाखाली स्वतःच धुतलं. कुणी सांगायची वाट तिनं बघितली नाही.

बसस्टँडवर ती म्हणाली, "तू केलतीस न्हवं?"

"हाव."

"मग बोलली का न्हाईस?"

"तूच म्हणालीस, दिवस काढ."

"दिवस काढ म्हणलं होतं. तोंड शिवून घे म्हणलं न्हवतं."

बस लागली. ती चढली. खिडकीतून मागं बघितलं नाही तिनं.

दुसऱ्या दिवशी एक फोन आला. माणूस हदगावचा. मुलाला लातूरला पाठवायचं होतं. दर विचारला, वेळ विचारली. मग आवाज खाली आला. "स्वयंपाकाला कोण असतं?"

काका समोरच पेपर वाचत बसले होते. ते पाठ केलेलं वाक्य माझ्या ओठापर्यंत आलं. 'आपल्याच' एवढं मी बोललेही. पुढचं निघेना.

"दोन बाया असतात," मी म्हणाले. "आमटी मी करते. पहाटे, कॅमेरा बंद असताना."

"तुम्ही कोण?"

मी नाव सांगितलं. आडनावासकट.

पलीकडून "बरं, बघतो," आणि फोन बंद.

काकांनी पेपर खाली ठेवला. ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

"पोरीसारखं ठेवलं तुला."

"पोरीला असं लपवतेत का काका?"

काकू आतून आल्या. "जीभ बघा हिची. कॉलेज शिकायली ना."

"राहू दे," काका त्यांना म्हणाले. "उद्यापास्नं फोन तू घे." मग माझ्याकडं वळले. "तू आमटी तेवढी करत जा. खोली हाय, जेवण हाय. परीक्षा तोंडावर आली तुझी. कुठं जाशील?"

त्यांनी बरोबर जागी बोट ठेवलं होतं. कुठं जाणार?

"दिवसा करीन," मी म्हणाले. "सगळ्यांसमोर. न्हाईतर करणार न्हाई."

काका हसले. "सकाळी उठशील तूच."

पहाटे काकूंनी दार वाजवलं. "ऊठ गं. उशीर व्हायलाय." मी जागी होते. गुडघे पोटाशी घेऊन कडीकडं बघत होते. त्यांनी पुन्हा वाजवलं. मग जोरात. कडी हलली. मी हलले नाही.

उजाडल्यावर पुस्तकं पिशवीत भरली. खोलीची चावी काकांच्या टेबलावर ठेवली. कुणी अडवलं नाही.

सध्या वर्गातल्या एका मैत्रिणीच्या खोलीत जमिनीवर झोपते. तिच्या घरमालकिणीला कळलं की तेही बंद होईल. वाचायला बसते, पण अर्धं लक्ष दाराकडं असतं. परीक्षा देणार आहे. काम शोधायला लागले आहे. मेस, अभ्यासिका, दवाखान्याचं काउंटर, कुठलंही रोजचं रहाटगाडगं मी चालवू शकते, एवढं आता मला कळलं आहे. कामाचं विचारायच्या आधी मी आडनाव सांगते. दोन ठिकाणी जागा भरली म्हणाले. त्यातल्या एका ठिकाणी 'पाहिजे'ची पाटी मी निघाले तेव्हाही दारावरच होती.

उद्या तिसऱ्या ठिकाणी जायचं आहे. तिथंही आडनाव आधी सांगणार.