अर्ज यंदा की पुढच्या वर्षी

डोंगऱ्यांच्या घरात प्रत्येक गोष्ट बदलीच्या आधी उरकायची असे. रघुनाथराव डोंगरे केंद्र सरकारच्या हिशेबतपासणी खात्यात अधिकारी. तीन-चार वर्षं झाली की हुकूम येई आणि बिऱ्हाड हले. त्यामुळे शाळाप्रवेश, मुंज, चष्म्याचा नंबर, सगळं घाईनं. "आमच्या मुलांचे दुधाचे दातसुद्धा बदलीच्या आधी पडलेत," असं कालिंदीची आई कलकत्त्यात, बालीगंजच्या शेजारणींना सांगे.

कालिंदी थोरली. बी. ए. होऊन दोन वर्षं ती एस्प्लनेडच्या एका मोठ्या कापडदुकानात नोकरी करत होती. कलकत्त्यात तेव्हा धंद्याचं व्यवस्थापन शिकवणारे संध्याकाळचे वर्ग नुकतेच निघाले होते. पदवी हवी, नोकरीचा अनुभव हवा आणि मुलाखत द्यायची. १९५६ च्या मे महिन्यात तिनं घरी विषय काढला.

"आत्ताच अर्ज कर," रघुनाथराव म्हणाले. "पुढच्या वर्षी आपण कुठं असू, कुणी सांगावं?"

अर्जावर दुकानाच्या व्यवस्थापकाची सही लागे. श्यामसुंदरबाबूंनी टोपण उघडलं आणि पेन हातात तसंच धरलं.

"मिस डोंगरे, दोन वर्षांत काय केलंत?"

"पावत्या केल्या. माल मोजला. व्यापाऱ्यांना पत्रं लिहिली."

"हे सगळं मी सांगितलेलं. तुम्ही स्वतः ठरवलेलं एक काही सांगा."

कालिंदीनं आठवून पाहिलं. काही सापडेना.

"सही हवी तर आत्ता करतो," ते म्हणाले. "पण वर्गात बसून तुम्ही नुसतं लिहून घ्याल. विचाराल काय?"

तिनं सही न घेताच अर्ज परत पर्समध्ये ठेवला. रघुनाथराव दोन दिवस तिच्याशी कामापुरतं बोलले. चालत्या गाडीतून पोरगी उतरली, असं त्यांना वाटत होतं. वाट पाहण्यात वर्षच नव्हे, गावही जाईल हे तिलाही कळत होतं.

दुर्गापूजेचा हंगाम संपल्यावर श्यामसुंदरबाबूंनी साड्यांचा विभाग हिवाळ्यापुरता तिच्याकडे दिला. मागवायचं काय आणि दर्शनी खिडकीत मांडायचं काय, हे आता ती ठरवणार होती. तिनं संक्रांतीसाठी काळ्या साड्या मागवल्या. घरी दरवर्षी आई काळी चंद्रकळा नेसे, तिळगूळ वाटे. संक्रांत तर इथेही असतेच. जानेवारी लागताच रस्त्याकडची अख्खी खिडकी काळीभोर झाली. कालिंदीला ती फार देखणी वाटली.

लोक बघत आणि पुढं जात. तिसऱ्या दिवशी एक बंगाली बाई लेकीला घेऊन आत आल्या त्या तावातावानंच.

"घरात लग्न काढलंय, आणि तुम्ही दारातच हे काळं टांगून ठेवलंय? अपशकुन करायला बसलात का?"

"संक्रांत आहे ना, म्हणून," कालिंदी म्हणाली.

"संक्रांतीला आम्ही तांदळाचे गोड पिठे करून खातो, पोरी. काळं कशाला नेसू?"

लेक हसायला लागली. कालिंदीनं दोघींना बसवलं, चहा मागवला आणि विचारत गेली. पौषात बंगाल्यांची लग्नं होत नाहीत. माघ लागला की एकदम धूम, आणि त्याची खरेदी आत्ताच, पौषाच्या शेवटी. त्या आल्या होत्या बनारसीसाठी. ती मात्र आतल्या कपाटात होती.

दुकान बंद व्हायच्या आत तिनं खिडकी रिकामी केली आणि लाल बनारसी साड्या मांडल्या. मग श्यामसुंदरबाबूंना काय झालं ते सांगितलं. काळ्या साड्या पडून राहिल्या. त्यातली एक आईनं विकत घेतली. "निदान एक तरी गिऱ्हाईक मिळालं तुला," ती म्हणाली. लाल मात्र माघात दोनदा मागवावी लागली.

मार्चमध्ये रघुनाथरावांचा हुकूम आला. नागपूर. त्याच आठवड्यात कालिंदी श्यामसुंदरबाबूंपुढं अर्ज घेऊन उभी राहिली.

"अजून एक हंगाम थांबलात तर अनुभव पक्का होईल," ते म्हणाले.

"पक्का होईल. पण मला आता विचारायचंय. गिऱ्हाईकाला काय हवं ते माल मागवण्याआधी कसं कळून घ्यायचं, ते इथं कुणी सांगेना. तुम्हीसुद्धा."

त्यांनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि सही केली.

घरी पेट्या बांधणं चाललं होतं. रघुनाथरावांनी सुतळी हातातच धरून विचारलं, "आणि नाही घेतलं त्यांनी, तर?"

"तर पुढच्या वर्षी परत अर्ज करीन, अण्णा. नोकरी इथेच आहे. मीही इथेच राहीन."

या घरात असं वाक्य याआधी कुणी बोललं नव्हतं. रविवारी रघुनाथराव तिच्याबरोबर मुलींच्या वसतिगृहावर गेले, तिला मिळणारी खोली पाहिली, खिडकीची कडी दोनदा लावून-काढून बघितली आणि व्यवस्थापिकाबाईंना इंग्रजीत विचारलं, संध्याकाळच्या वर्गाहून मुलगी उशिरा आली तर तिचं जेवण झाकून ठेवाल ना?