ब्रूजमध्ये बसायच्या जागा

हुसैनमियाँ रोज सकाळी टेबलाशी बसले की संगणक सुरू करण्याआधी फोनवर बेल्जियममधल्या ब्रूज शहराचं तापमान बघत आणि टेबलावरच्या कॅलेंडरच्या त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीने लिहीत. बाहेर मस्कतमध्ये बेचाळीस, ब्रूजमध्ये चौदा. मग चष्मा पुसत आणि पहिला पासपोर्ट हातात घेत.

"चाचा, आज छत्री लागेल काय?" शेजारच्या टेबलावरून श्रीवर्धनचा सकलैन विचारी.

"तुझी धाव फार तर इथल्या सहम गावापर्यंत. तुला टोपी पुरे."

मस्कतच्या गाला भागात, गॅरेजांच्या रांगेत, गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानावर त्यांचं ट्रॅव्हल ऑफिस होतं. बावीस वर्षं तिथे बसून हुसैनमियाँनी लोकांना कुठे कुठे धाडलं. ते स्वतः मात्र मस्कतहून मुंबई आणि तिथून दापोलीजवळचं गाव, एवढंच जाणत. अपवाद एकदाच झाला. एका विमान कंपनीने चौदा सालच्या बेल्जियमच्या सहलीसाठी एजंटांना बोलावलं. अर्बाब, म्हणजे ऑफिसचा ओमानी मालक, म्हणाला, हुसैन जाईल. कुठल्या महिन्याच्या तुकडीत, ते त्यालाच निवडू दे. जानेवारीचे दिवस होते. हुसैनमियाँनी सगळ्या गिऱ्हाइकांना सांगत आलेलं वाक्य क्षणभरही न थांबता स्वतःलाच सांगितलं: जुलै घ्या, दिवस मोठा मिळतो.

रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, हे पोराटोरांनाही ठाऊक असतं. त्यांच्याच ध्यानातून गेलं. तिकिटं हातात आल्यावर त्यांनी कॅलेंडर उलटून पाहिलं आणि डोक्याला हात लावला. दिवस मोठा, म्हणजे रोजाही मोठा. ब्रूजमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमाराला मावळणार होता.

प्रवाशाला सूट असते. बरोबरच्यांनी तसं सांगितलंही. पण लग्नानंतरच्या सगळ्या रमजानांत त्यांची बायको अमीरुन्निसा गावाला आणि ते आखातात रोजे धरत आले होते. संध्याकाळी फोनवर एकमेकांना विचारून घ्यायचे, इतकीच त्यांची सोबत. ती एका सहलीसाठी मोडावी असं त्यांना वाटलं नाही.

मग बाकीचे होडीत बसले, चॉकलेटच्या दुकानांत शिरले, जेवायला गेले. हुसैनमियाँ चार दिवस एकटे चालत राहिले. उपाशी माणसाला शहर वेगळं कळतं. कुठल्या गल्लीत वाफल भाजल्याचा वास येत नाही, कुठल्या पुलाच्या कठड्याला दुपारी सावली असते, काही विकत न घेता कुठे बसता येतं आणि कुणी उठवत नाही, हे त्यांना पाठ झालं. त्यांना सगळ्यात आवडलं ते बायकांचं आवार. उंच झाडांभोवती पांढरी घरं, आणि त्यांत जुन्या काळी एकट्या बायका मिळून राहत.

रात्री दहाला, अजून उजेड असताना, कालव्याकाठच्या बाकावर ते खजूर तोंडात टाकत आणि फोन लावत. गावाला तेव्हा दीड वाजलेला असे. अमीरुन्निसा संध्याकाळी मगरिबच्या अजानला खजूर-पाण्यावर रोजा सोडून ताट झाकून बसलेली असे.

"सोडलात?"

"सोडला. तू जेव आता."

"जेवतंय. आज काय बघितलात, सांगा."

त्यांनी त्या पांढऱ्या घरांचं सांगितलं. ती घास चावत म्हणाली, "म्हंजे आपलाच गाव की हो! सगले दादले बाहेर, बायका घरात." आणि इतकी हसली की तिला ठसका लागला.

पुढे दीडेक वर्ष ती फोनवर मधूनच विचारी, "त्या बायकांचा सांगा ना परत." पंधरा सालच्या डिसेंबरात ती गेली. हुसैनमियाँ घरी पोहोचले तेव्हा दफन होऊन एक दिवस उलटला होता.

त्यानंतर ब्रूजबद्दल बोलायला कुणी उरलं नाही. सकलैन थट्टा करी, पण ऐकायला बसत नसे. तेव्हा हुसैनमियाँनी एक पान टाइप करून त्याच्या प्रती काढल्या. चौकात नऊच्या आत पोहोचा, घोडागाड्या सुरू होण्याआधी. बूट रबरी तळव्यांचे घाला, दगड ओले असतात. मनोऱ्याच्या पायऱ्या तीनशे सहासष्ट आहेत, चढण्याआधी पाणी प्या. मग बसायच्या जागा, एकेक. शेवटी: परत आल्यावर जरूर कळवावे.

कुणीही कळवलं नाही. विमानातून उतरलेल्या माणसाला ट्रॅव्हल ऑफिस कशाला आठवेल? हुसैनमियाँ हे समजून होते. तरी परतीच्या तारखेनंतर आठवडाभर त्यांची नजर दाराकडे जाई.

सतरा साली मस्कतमध्येच राहणारं पुण्याचं जोडपं, राजीव आणि वासंती, बेल्जियमची तिकिटं काढायला आलं. वासंतीने पान तिथेच वाचलं.

"हुसैनभाई, यात खायचं काहीच नाही?"

"ते काय, सगळीकडे कळतं."

"आणि इतकी बाकं?"

"आल्यावर सांगा, बरोबर होती का."

"सांगते की!"

सहलीनंतर, डिसेंबरच्या तिकिटासाठी राजीव एकटाच आला. "ब्रूज ना? मस्त! पण बसवाल्याने दोनच तास दिले हो. फोटो काढण्यातच गेले." हुसैनमियाँ म्हणाले, "होतं असं," आणि तिकीट छापायला वळले.

पुढच्या मार्चमध्ये त्यांची नोकरी संपत होती. शेवटच्या आठवड्यात, ते खण रिकामे करत असताना, वासंती आली. कुठलंही तिकीट काढायचं नव्हतं. खुर्ची ओढून ती म्हणाली, "राजीव म्हणाला असेल दोन तास. त्यातला पाऊण तास मी त्या पांढऱ्या घरांपाशी बसले होते. बस खोळंबली. सगळे माझ्यावर चिडले."

हुसैनमियाँच्या हातात कात्री होती. ती त्यांनी खाली ठेवली.

"कुठे बसलात?"

"दाराजवळ. गार होतं बाक."

"तिथून घंटा येते ऐकू?"

"अगदी हळू. मी आधी समजले, कुणाचा फोन वाजतोय."

खाली कुणीतरी पत्रा ठोकत होतं.

"तुम्ही एकटेच गेला होतात ना?" तिने विचारलं.

"नाही. घरची होती. फोनवर."

वासंतीने मान डोलावली. मग झाडांबद्दल, हंसांबद्दल, त्या आवारात माणसं आपोआप हळू बोलतात त्याबद्दल ती दोघं बोलत राहिली. सकलैनने न विचारता दोन चहा आणून ठेवले. तिचा फोन तिसऱ्यांदा वाजल्यावर ती उठली. ही शेवटची भेट होती. हुसैनमियाँ जिन्यापर्यंत आले, वाकून खाली पाहिलं आणि म्हणाले, "डावीकडून उतरा. उजवीकडे आत्ताच फरशी पुसलीय."