सालीनं खाल्लेला उजेड

१२ मे. क्युव्हेट धुवायच्या होत्या. क्वार्ट्झच्या या चौकोनी नळ्या महाग असतात, म्हणून त्या मीच धुते. मागे स्टुलावर बसून माझी विद्यार्थिनी आलेख दाखवत होती. परवा तिचा पीएचडीचा शेवटचा सेमिनार. त्यासाठी काटोलहून वडील येणार होते. तिनं ज्या संत्र्यांच्या सालींवर काम केलं, ती त्यांच्याच बागेतली.

प्रथिनात ट्रिप्टोफॅन असतं. अतिनील प्रकाश पडला की ते आपणहून चमकतं, वरून रंग लावावा लागत नाही. एखादा रेणू येऊन प्रथिनाला चिकटला तर ही चमक बदलते. हिनं सालीतून काढलेलं हेस्पेरिडिन थेंब थेंब घातलं, तशी चमक उतरत निम्म्यावर आली. हिचा निष्कर्ष : घट्ट चिकटतं.

"हेस्पेरिडिन स्वतः किती प्रकाश खाते, मोजलं?"

"नाही मॅडम. काहून? पाणी तर एकदम साफ दिसून राहिलं."

"तुले साफ दिसते. अतिनील दिसते काय वं तुले?"

मी धुतलेली क्युव्हेट तिच्या हातात दिली. प्रथिन नको, नुसतं ट्रिप्टोफॅन घे आणि तेवढेच थेंब टाक, म्हटलं. तिथे चिकटायला प्रथिनच नाही, तेव्हा चमक टिकायला हवी.

संध्याकाळी आलेख आला. चमक जवळपास तितकीच घटली होती. म्हणजे बराचसा उजेड सालीनं वाटेतच खाल्ला होता.

"परवा आहे तसंच दाखवू ना मॅडम. कोणाच्या लक्षात नाही येत. थीसिसमध्ये सुधारू."

"तुह्या लक्षात आलं ना? झालं मग."

"बाबानं साऱ्या गावाले सांगून ठेवलं जी."

"मग त्यायले सांग, पंधरा दिवस थांबा. बाग काय पळून नाही चालली."

ती हसली नाही. मी दोन्ही आलेख शेजारी ठेवले. नुसत्या ट्रिप्टोफॅनचं शिखर खाली आलं होतं, पण जागचं हललं नव्हतं. प्रथिनाचं मात्र किंचित डावीकडे सरकलं होतं. प्रकाश नुसता खाल्ला गेला तर शिखर असं सरकत नाही. म्हणजे प्रथिनाची घडी काहीतरी हलली होती. हेस्पेरिडिन चिकटत असावं, पण किती घट्ट, ते नव्यानं मोजावं लागणार होतं.

१३ मे. सकाळी मी ऑफिसात जाऊन सेमिनार पुढे ढकलल्याचं सांगितलं, फलकावरची सूचना स्वतः काढली आणि चमक मोजायच्या यंत्राचा दिवा लावला. तो स्थिर व्हायला अर्धा तास लागतो. तोवर क्युव्हेट पुन्हा धुतल्या.