आठ दिवसांची खसखस

चाळिशी उलटली तरी धाड गावच्या देवानंदनं तंबाखूची चिमूटसुद्धा तोंडात टाकली नव्हती. दर पौर्णिमेला विहारात नशा न करण्याचं पाचवं शील आलं की त्याचा आवाज सगळ्यांच्या वर जायचा. अशा माणसाच्या लघवीत अफू निघाली!

बुलढाण्यातल्या एका खाजगी शाळेची बस तो चालवायचा. शाळेनं सगळ्या ड्रायव्हरांची तपासणी लावली. लघवीत बुडवलेल्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या तर माणूस साफ. देवानंदच्या पट्टीवर एकच उमटली. पाच मिनिटांची पट्टी, अन् एकवीस वर्षांचं स्टिअरिंग हातातून गेलं.

फॉर्म भरताना लॅबवाल्या प्राचीनं विचारलं होतं, "काही औषध घेतलं?"

"आपण काहीच घेत नसतो, मॅडम!" म्हणत त्यानं ऐटीत सही ठोकली होती.

घरी त्याच्या आईनं, भिमाबाईनं ऐकलं अन् खसखशीचा डबाच पुढं ओढला. "अरे, खोकल्यासाठी दुधात खसखस देऊन राह्यली होती न मी तुले! आठ दिवस, मूठ मूठ!"

"माय, ते काय औषध होय काय? ते तं घरातलं हाये!"

तसाच तो प्राचीकडे धावला.

"पट्टीले फक्त गोत कळते, दादा," ती म्हणाली. "खसखस काय अन् ब्राऊन शुगर काय, दोन्ही अफूच्याच झाडाची, तिले सारखंच. मोठ्या लॅबमधलं यंत्र एकेक द्रव्य वेगळं करून नाव अन् माप सांगते. पण खसखशीतही अफूतलं थोडं मॉर्फिन असतेच. यंत्र ते लपवणार नाही."

"नवा नमुना देऊ?"

"खसखस बंद केली की तो साफच येईल, पण कोणी मानणार नाही. तुमचा जुनाच सीलबंद हाये फ्रिजात."

"मग तोच पाठवा!"

दहाव्या दिवशी अहवाल आला. 'मॉर्फिन आढळले. प्रमाण ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी.' देवानंद धापा टाकत शाळेत पोचला.

"आढळले, असंच लिहिलंय ना?" शाळेचे साहेब म्हणाले.

"साहेब, पुढचं वाचा न! पाया पडतो."

"पालक पुढचं वाचत नाहीत. आणि 'काही घेत नाही' यावर सही कुणाची?"

मोठं यंत्र खरं बोललं होतं. ऐकणाराच पट्टीच्या अकलेचा निघाला, त्याला कोण काय करणार?

पौर्णिमेला विहारात चार शीलं झाली. पाचव्याला देवानंदचा आवाज फुटेना. खिशातला कागद मुठीत चुरगळत तो खाली पाहत राहिला. पुढच्या बायका वळून बघू लागल्या.

"म्हण न रे," भिमाबाईनं कोपर मारलं. मग तिनंच ते शील दोनदा म्हटलं. एकदा स्वतःचं, एकदा त्याचं.